वाचून नव्हे, चालवून तपासा

दुर्बिणीवरून आलेल्या कच्च्या फ्रेममधून अभ्यासाला वापरता येईल असा वर्णपट तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला आम्ही पाइपलाइन म्हणतो. अशा पाइपलाइनवरचा पेपर तुमच्याकडे परीक्षणासाठी आला, तर नुसता वाचून मत देऊ नका. आधी ती पाइपलाइन स्वतःच्या संगणकावर बसवा, तिला स्वतःकडचा डेटा द्या, आणि मगच अहवाल लिहायला घ्या. हे इतक्या आग्रहाने सांगतो आहे, कारण माझ्याकडे आलेल्या एका पेपरने मला तसा धडा दिला. परीक्षण गोपनीय असतं, म्हणून तो पेपर कोणाचा आणि कुठल्या नियतकालिकाचा हे सांगणार नाही.

पेपर वाचायला उत्तम होता. बायस वजा करण्यापासून फ्लक्स कॅलिब्रेशनपर्यंत प्रत्येक पायरी नीट समजावलेली. वर्णपट काढण्यासाठी कीथ हॉर्न यांची 1986 ची पद्धत, कॉस्मिक किरणांचे डाग पुसण्यासाठी पीटर व्हॅन डॉक्कम यांची 2001 ची पद्धत, दोन्ही नावाजलेल्या. तरंगलांबीच्या जुळणीतला फरक 0.1 अँगस्ट्रॉमच्या आत. नुसत्या वाचनात बोट ठेवायला कुठे जागाच नव्हती.

लेखकांचा दावा होता की कोणत्याही लाँग-स्लिट स्पेक्ट्रोग्राफचा डेटा चालेल. म्हणून लडाखमधल्या हान्ले इथल्या, सुमारे 4500 मीटर उंचीवरच्या 2 मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवर घेतलेला एका ग्रहीय तेजोमेघाचा डेटा मी तिला दिला. वर्णपट सुरेख आला. मग त्यात आकाशाची हिरवी रेषा शोधली. आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनची ही रेषा रात्रीच्या आकाशात कायम असते आणि हवेत तिची तरंगलांबी 5577.34 अँगस्ट्रॉम आहे. पृथ्वीच्या गतीसाठीची दुरुस्ती मी आधीच बंद ठेवली होती, कारण ती लावली की आपल्या वातावरणातली रेषा जागची हलते. तरीही रेषा सापडली 5578.9 वर.

फरक जेमतेम एका पिक्सेलचा. आकृतीत तो डोळ्यांना जाणवतही नाही, पण वेगाच्या हिशेबात तो सेकंदाला सुमारे 83 किलोमीटर होतो. हवेतली आणि निर्वातातली तरंगलांबी यांत नेमकं एवढंच अंतर असतं. पाइपलाइनसोबत दिलेल्या आयर्न-आर्गॉन दिव्याच्या यादीत निर्वातातले आकडे होते, आणि तयार फाइलच्या हेडरमध्ये मात्र ‘हवेतली तरंगलांबी’ अशी नोंद होत होती. दोन्ही पद्धती रूढ आहेत. आयराफ या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळापासून दृश्य प्रकाशात हवेतले आकडे वापरायची सवय आहे, तर स्लोन सर्व्हे निर्वातातले देतो. कुठलीही घ्या, पण नोंद खरी हवी.

मग 0.1 अँगस्ट्रॉमच्या आतला तो फरक? तो एवढंच सांगत होता की आखलेली रेघ यादीतल्या आकड्यांमधून व्यवस्थित जाते. आकडे हवेतले की निर्वातातले, याबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचण्याही पास होत होत्या, कारण त्यांत नव्या आवृत्तीची तुलना जुन्या आवृत्तीशीच केलेली होती. घरच्याच साक्षीदाराने घरच्याविरुद्ध बोलावं कसं?

दुसरी गोष्ट त्याहून काळजीची निघाली. दुहेरी आयनित ऑक्सिजनच्या 5007 आणि 4959 या दोन रेषांच्या तीव्रतेचं गुणोत्तर सुमारे 2.98 असतं. ते अणूच्या रचनेनेच ठरलेलं असल्यामुळे वायूचं तापमान किंवा घनता बदलली तरी बदलत नाही. पाइपलाइनमधून ते 2.4 आलं. कच्च्या फ्रेममध्ये डिटेक्टर सॅच्युरेट झालेला नव्हता. कॉस्मिक किरणांची साफसफाई बंद केली आणि गुणोत्तर तीनच्या जवळ आलं. अरुंद, तेजस्वी रेषेचा शेंडा म्हणजे डाग, असं समजून प्रोग्रॅम तो छाटत होता. 4363 च्या रेषेशी तुलना करून कोणी या वायूचं तापमान काढलं असतं, तर ते विनाकारण वाढीव निघालं असतं.

एखाद्या निरीक्षणावरचा पेपर चुकला, तर एक निष्कर्ष चुकतो. पाइपलाइन चुकली, तर ती वापरणाऱ्या प्रत्येकाच्या निष्कर्षात ती चूक उतरते, आणि बहुतेकांना तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून परीक्षणाला बसणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे.

पाइपलाइन बसवताना फक्त लेखकांनी लिहिलेल्या सूचना पाळा. अडलात, तर कुठे अडलात ते टिपून ठेवा. लेखकांनी दिलेल्या नमुन्याच्या डेटावर थांबू नका. प्रोग्रॅमने कधी न पाहिलेला डेटा द्या आणि ज्याचं उत्तर निसर्गानेच ठरवून ठेवलं आहे, अशा गोष्टीवर तो पारखा. आकाशाच्या रेषा आहेत, ऑक्सिजनची जोडी आहे, पूर्वी नीट मोजलेला प्रमाण तारा आहे. त्रुटींचे आकडेही तपासा. आकाश वजा केल्यावर रिकाम्या भागात उरलेल्या आकड्यांना त्यांच्या सांगितलेल्या त्रुटीने भागा; त्यांचा प्रमाण विचलनाचा आकडा एकच्या आसपास यायला हवा. तो दोन आला, तर त्रुटी निम्म्याने कमी दाखवल्या जात आहेत.

अहवालात ‘तरंगलांबी चुकली आहे’ असं मोघम लिहू नका. कोणती फाइल, कोणती कमांड, कोणता आकडा अपेक्षित आणि कोणता मिळाला, हे लेखकाला स्वतः करून बघता येईल असं लिहा. अशा सॉफ्टवेअरमागे बरेचदा एखाद्या विद्यार्थ्याची काही वर्षांची मेहनत असते, तिचा मान राखा. मी कच्च्या फ्रेम संपादकांमार्फत पाठवल्या. लेखकांनी दोन्ही दोष दुरुस्त केले, शिवाय आकाशरेषेची चाचणी कायमची जोडली.

लेखकांनीही आपलं काम सोपं करून ठेवावं. कच्चा नमुना डेटा, परवाना, ठरावीक आवृत्ती आणि तिचा कायमचा डीओआय पेपरसोबतच द्यावा. 2016 पासून चालणाऱ्या जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये परीक्षक उघडपणे, ठरलेल्या यादीनुसार सॉफ्टवेअर बसवून तपासतात. पाइपइट या वर्णपटांच्या पाइपलाइनवरचा पेपर 2020 मध्ये तिथूनच आला. ही शिस्त इतर नियतकालिकांनीही घ्यावी.

आणि वेळ नसेल, तर संपादकांकडे मुदत मागा. तेही जमणार नसेल, तर अहवालाच्या पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहा: ‘मी पद्धत तपासली आहे, सॉफ्टवेअर चालवलेलं नाही.’ म्हणजे ते काम दुसऱ्या कोणाकडे सोपवायचं आहे, हे संपादकांना वेळेवर कळेल.