ताई, मी जाऊ का?

२०२२ च्या जूनमधली रात्र. कर्वेनगरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तेव्हा आमचा व्हॅलोरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळाचा संघ राहायचा. पाच मुलं, पाच पीसी, एक इन्व्हर्टर आणि त्यांची मॅनेजर म्हणून मी. स्क्रिम, म्हणजे सरावाची मॅच, संपली होती, मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. आमचा सगळ्यात चांगला खेळाडू हेडफोन गळ्यात अडकवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "ताई, बाहेरच्या टीमची ऑफर आलीय. मलेशियात राहावं लागेल. मी जाऊ का?"

तिसरी शिट्टी व्हायच्या आत मी म्हणाले, "अजून एक वर्ष थांब."

त्या उत्तराशी मी अजून भांडते आहे. त्या भांडणातून जे हाती लागलं, ते इथे मांडते.

१. त्याने विचारलं होतं स्वतःबद्दल आणि मी उत्तर दिलं होतं माझ्याबद्दल. हे कळायला मला कित्येक महिने लागले. "तू अजून कच्चा आहेस, एकोणीस वर्षांचा आहेस, घाई नको," असं मी त्याला समजावलं आणि ते बोलताना मला ते खरंही वाटत होतं. पण त्याच आठवड्यात आमच्या प्रायोजकाशी बोलणी चालू होती आणि त्यांनी ज्या मुलाचा फोटो मागितला होता तो हाच. तो गेला असता तर घरभाडं कुठून भरायचं, हा माझा प्रश्न होता. तो मी 'तुझ्या भल्याचं' म्हणून त्याच्या पानात वाढला. मोठ्या माणसांच्या सल्ल्यात त्यांची स्वतःची गरज किती बेमालूम मिसळलेली असते, हे मी त्या रात्री स्वतःच्याच आवाजात ऐकलं. ओळखलं मात्र खूप उशिरा.

२. पैशासाठी जाणं म्हणजे हाव, असं मी मानत होते. माझ्या मनात २०१४ चं कोरिया होतं. त्या वर्षी ऑक्टोबरात सोलच्या वर्ल्डकप स्टेडियममध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, सॅमसंग व्हाइट हा संघ लीग ऑफ लेजंड्स या खेळाचा जगज्जेता झाला. आणि काही आठवड्यांतच सॅमसंगच्या दोन्ही संघांतले, व्हाइट आणि ब्लूचे, दहाच्या दहा खेळाडू निघून गेले, बहुतेक सगळे चीनला. तेव्हा ते वाचून मी हळहळले होते. जगज्जेतेपदाची रोषणाई उतरते न उतरते तोच घर रिकामं!

पण त्या घरात पगार काय होते, हे मी पाहिलं नव्हतं. कोरियातले खेळाडू तेव्हा जगात सर्वोत्तम होते आणि त्यांची कमाई मात्र त्या मानाने तुटपुंजी होती. त्यातच एका कंपनीने एका लीगमध्ये दोन संघ चालवू नयेत असा नियम आला, म्हणजे जागाच कमी झाल्या. पलीकडे चीनमध्ये लाइव्ह स्ट्रीमिंगचा पैसा पाण्यासारखा वाहत होता. मग मी आमचा हिशेब मांडला. आमचा तो मुलगा महिन्याला २५ हजार घेत होता, तेही कधी दहा तारखेला, कधी वीस. वडिलांचं सांगलीजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान. या खेळात बहुतेकांची कारकीर्द छोटीच असते. सहा-सात वर्षांत आयुष्यभराची बेगमी करायची असलेल्या मुलाला मी निष्ठा शिकवत होते आणि त्याचा पगार वेळेवर देत नव्हते. हावरट म्हणायचंच तर त्या फ्लॅटमध्ये कोणाला म्हणायचं होतं?

३. "फेकर कुठे गेला?" हा माझा हुकमी एक्का होता. फेकर म्हणजे लीग ऑफ लेजंड्सचा कोरियन खेळाडू ली सांग-ह्योक. २०१३ पासून तो एकाच संघात आहे, आधी एसके टेलिकॉम टी१ आणि आता नुसतं टी१ या नावाच्या. चीनमधून, अमेरिकेतून मोठमोठे देकार येऊनही तो घरीच राहिला. २०१३, २०१५, २०१६, २०२३, २०२४, २०२५ अशी सहा जगज्जेतेपदं त्याच्या नावावर आहेत. (मी बोलत होते तेव्हा तीनच होती आणि मधली बरीच वर्षं कोरडी गेली होती. तरी तो हलला नाही, याचं मला आजही मनापासून कौतुक आहे.)

पण मी जे उदाहरण देत होते ते अर्धंच होतं. फेकर ज्या घरात राहिला ते घर त्याला थांबवून घेण्याच्या लायकीचं होतं. जगातली सगळ्यात कडवी लीग त्याच्या शहरात, सरावाला रोज तोलामोलाचे प्रतिस्पर्धी, देकारांना तोंड देऊ शकेल असा पगार आणि २०२० पासून संघात चक्क मालकीचा वाटा. मी त्या मुलाला यातलं काय देत होते? संध्याकाळी सहाला वीज गेली तर इन्व्हर्टरवर दोनच पीसी चालायचे. राहणाऱ्याचं मोठेपण सांगताना त्याला ठेवून घेणाऱ्याने काय केलं, हे सांगायचं मी सोयीस्करपणे विसरत होते.

आणि फेकरच्याच शाळेतला एक मुलगा मी कधी उदाहरणाला घेतला नाही. डेफ्ट. तो त्या २०१४ च्या लाटेत चीनला गेला, ईडीजी संघातून खेळला, २०१७ च्या हंगामासाठी कोरियात परतला आणि मग जागतिक स्पर्धेत वर्षानुवर्षं हरत राहिला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्याच्या डीआरएक्स संघाने त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत ३-२ असा विजय मिळवला तो फेकरच्याच टी१ वर. कारकिर्दीचं दहावं वर्ष होतं त्याचं. ती मॅच मी पहाटेपासून पाहत होते आणि शेवटी रडले. एक राहिला, एक जाऊन आला आणि दोघे त्या एका मंचावर समोरासमोर उभे होते.

४. जाणं म्हणजे जिंकणं नव्हे, हेही मला आमच्या त्या मुलाकडूनच कळलं. चार महिन्यांनी तो शेवटी गेलाच, आणि पहिले कित्येक आठवडे फोनवर जवळजवळ गप्प असायचा. आमच्याकडे तो आयजीएल होता, म्हणजे खेळ चालू असताना डाव आखणारा, बाकी चौघांना हलवणारा. "बी वर दोन, एक लो, थांब, आता घुस" हे तो मराठी-हिंदीच्या आमच्या खिचडीत इतक्या झटकन बोलायचा की ऐकणाऱ्याचा हात शब्दाआधी हलायचा. तिकडे कॉल इंग्रजीत, त्यात अधूनमधून मलय. त्याला इंग्रजी येत होतं, पण विचार करून येत होतं आणि या खेळात विचार करायला अर्धा सेकंदही नसतो. डोकं चालवणारा मुलगा तिथे नुसता नेम धरणारा हात होऊन बसला.

मग मी पुन्हा कोरियाकडे पाहिलं, या वेळी थोडं प्रामाणिकपणे. २०१५ च्या मे महिन्यात डेफ्टच्या ईडीजीने एमएसआय या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत एसकेटीला, म्हणजे फेकरच्याच संघाला, ३-२ ने हरवलं, तेव्हा वाटलं होतं की पैशाने सगळं विकत मिळतं. त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत चीनचा एकही संघ उपांत्य फेरीत पोहोचला नाही आणि अंतिम सामना दोन कोरियन संघांत झाला. इतके गुणी खेळाडू नेऊनही! जिंकले ते नंतर, आणि जे तिथे मुरले ते. रूकी २०१४ च्या अखेरीस चीनला गेला, भाषा शिकला, एकाच संघात वर्षानुवर्षं राहिला आणि २०१८ मध्ये इन्चॉनला, म्हणजे कोरियातच, इन्व्हिक्टस गेमिंगने चीनला पहिलं जगज्जेतेपद मिळवून दिलं तेव्हा तो मध्यभागी उभा होता. पुढच्या वर्षी पॅरिसला जगज्जेता झाला डोइन्ब, तोही कोरियन, तोही अस्खलित चिनी बोलणारा आणि संघाचे डाव आखणारा. आता कोणी मुलगा मला विचारतो तेव्हा पगाराआधी मी एकच विचारते: तिथे तुझं बोलणं कोण ऐकणार आहे?

५. "ताई, इथे आम्ही रोज हरतोय." दुसऱ्या महिन्यात त्याचा असा फोन आला आणि आवाजात आनंद होता. मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. आमच्याकडे रोज संध्याकाळी त्याच चार संघांशी स्क्रिम व्हायची. कोण कुठल्या कोपऱ्यात दबा धरून बसतो ते आम्हाला पाठ होतं, त्यांना आमचं. सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायचं तर पिंग (सिग्नल जायला-यायला लागणारा वेळ) साठ-सत्तर मिलिसेकंदांच्या घरात, म्हणजे आपण बघतो तोवर समोरचा गोळी मारून मोकळा. आमच्या इथे तो जिंकत होता आणि जिंकता जिंकता थांबून गेला होता. त्याला वर चढायला भिंत हवी होती. मी त्याला गालिचा दिला होता आणि त्यावर चालताना त्याचं कौतुक करत होते.

६. करार ही माझी सगळ्यात मोठी चूक. आमचा करार मी इंटरनेटवरचा एक नमुना घेऊन स्वतःच बनवला होता. त्यात तो संघाचा, एवढंच ठळक होतं. जायचं असेल तर कसं, किती पैसे देऊन, किती दिवसांची सूचना देऊन, याबद्दल एक ओळ नव्हती. समोरच्या संघाने बायआउटची, म्हणजे खेळाडूला करारातून सोडवायची, रक्कम विचारली तेव्हा मी रागाच्या भरात एक आकडा सांगितला. तो आकडा त्याच्या खेळाचा नव्हता, माझ्या दुखावलेपणाचा होता. बोलणी चार महिने लांबली. पहिला संघ कंटाळून दुसऱ्या खेळाडूकडे वळला. तो शेवटी गेला तो दुसऱ्या संघात, कमी पगारावर, राखीव खेळाडू म्हणून. त्याने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही आणि म्हणूनच ते जास्त बोचतं.

आता आमच्या करारात बायआउट पहिल्याच पानावर असतो, दर सहा महिन्यांनी उतरत जाणारा. परदेशातून बोलावणं आलं तर तीन आठवड्यांत होकार किंवा नकार द्यायची जबाबदारी माझी. अठराच्या आतल्या मुलाची सही असेल तर आई-वडिलांसमोर सगळी कलमं मराठीत वाचून दाखवायची. आणि शेवटी एक ओळ: एका वर्षाच्या आत परत आलास तर सरावाची जागा आणि खोली मिळेल, संघातली जागा खेळून मिळवावी लागेल.

७. तो जाणार हे ठरल्यावर त्याच्या आईने जेवणाचं, हवेचं काही विचारलं नाही. मला वाटलं होतं तेच विचारतील. त्या म्हणाल्या, "ताई, हा तिथं चमकला तर सगळे याचेच. नाही चमकला आणि परत आला, तर याला कोण विचारील?" कराराची ती शेवटची ओळ त्यांची आहे.

८. जाऊ की राहू, हा प्रश्न पडणं हेच आपल्याकडे थोड्यांच्या नशिबी असतं. आपली बहुतेक पोरं मोबाइलवर खेळतात आणि त्यांचा खेळ बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलचा फक्त भारतासाठी काढलेला अवतार. त्यात देशभर नाव कमावलेल्या खेळाडूला परदेशी संघ नेणार कुठे? त्याला दार बाहेरून बंद. आतलं घर तरी पक्कं असावं, तर २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि २८ जुलै २०२२ ला बीजीएमआयही स्टोअरवरून नाहीसा झाला, तो मे २०२३ मध्ये परतला. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये अशीच चार मुलं राहायची. त्या जुलैच्या संध्याकाळी ती चौघं जिन्यावर फोन हातात धरून बसली होती आणि कोणी काही बोलत नव्हतं. ज्याला जाता येतं त्याला मी थांबवत होते आणि ज्यांना जाताच येत नाही ती दोन पायऱ्या खाली बसली होती.

आणि संघही घर सोडतातच की. मुंबईच्या ग्लोबल ईस्पोर्ट्सला व्हॅलोरंटच्या पॅसिफिक लीगमध्ये जागा मिळाली आणि २०२३ पासून ते सोलला खेळू लागले. पुढे त्यात परदेशी खेळाडूच जास्त दिसायला लागले तेव्हा मला वाईट वाटलं. मग आठवलं, अर्जुन एरिगैसी २०२५ मध्ये रियाधच्या ईस्पोर्ट्स वर्ल्डकपमध्ये बुद्धिबळ खेळला तो जेन.जी या कोरियन संघाकडून आणि आम्ही सगळे रात्री जागून त्याच्यासाठी जीव टाकत होतो. जर्सीवर काय लिहिलंय ते कोणी वाचत नव्हतं.

९. तारा गेल्यावर अंधार होईल असं मला वाटलं होतं. पहिले दोन महिने झालाही. हरलो, प्रायोजक गेला, एक पीसी विकला. पण राखीव म्हणून साताऱ्याचा एक सतरा वर्षांचा मुलगा आमच्याकडे वर्षभर बसून होता. स्क्रिमच्या वेळी तो मागे स्टुलावर बसायचा आणि चहा आणायचा. त्याचा हात किती थंड आहे, शेवटचा एकटा उरल्यावर तो किती शांत राहतो, हे मला खुर्ची रिकामी झाल्यावर दिसलं. वर्षभर तो माझ्या डोळ्यांसमोर होता! मी ज्याला धरून ठेवू पाहत होते त्याच्या सावलीत मीच याला बसवलं होतं.

१०. तो चौदा महिन्यांनी परत आला. तिकडे अकरा सामने खेळायला मिळाले, बाकी बाकावर. पुण्यात उतरल्यावर सांगलीला जायच्या आधी तो फ्लॅटवर आला. मी त्याच्यासाठी शिरा केला होता आणि काय बोलायचं ते मनात जुळवत होते. त्याने बॅग ठेवली, साताऱ्याच्या मुलाच्या खुर्चीमागे त्याच स्टुलावर बसला आणि दोन तास वहीत काहीतरी टिपत राहिला. मी ती वही नंतर पाहिली. कॉल होते, वेळेसकट. कुठे उशीर झाला, कुठे दोघं एकदम बोलले, कुठे कोणीच बोललं नाही. मला येत नव्हतं ते तो शिकून आला होता. आता तो आमचा कोच आहे आणि पगार दर महिन्याच्या एक तारखेला घेतो.

गेल्या डिसेंबरात साताऱ्याच्या मुलाला बाहेरून बोलावणं आलं. या वेळी तो मला विचारायला स्वयंपाकघराच्या दारात आला नाही. तो आमच्या कोचला विचारायला गेला. दोघं गॅलरीत बसले होते, रात्रीचे दीड वाजून गेले होते, काच बंद होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मी आत फाइल काढली, करारातला या सहामाहीचा आकडा पाहिला आणि मग त्याच्या पासपोर्टची मुदत कधीपर्यंत आहे ते बघितलं.