विदर्भातली हिमनदी

आम्हा परतवाड्याच्या पोरांना बर्फ माहीत तो गोळ्याचा! पण चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेकाठी इरई इथे चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. जिऑलॉजिकल सर्व्हेच्या फेडन यांनी ते १८७० च्या दशकात नोंदवले. सरकत्या बर्फात अडकलेले दगड सँडपेपरसारखे घासले गेले, हे खनन. वर 'तालचेर' थर, म्हणजे बारीक गाळात लहानमोठे गोटे सरमिसळ, हे संचयन. नदी गोटे आकारानुसार निवडते, बर्फ निवडत नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी दक्षिण ध्रुवाकडे होती. चिखलदऱ्याचा काळा पत्थर त्यामानाने कालचा, साडेसहा कोटींचा. सिव्हिलवाल्यांनो, अशा थरात बोअर घेताना एखाद्या मोठ्या गोट्यालाच पक्का खडक समजलात, तर पाया फसलाच म्हणून समजा!