नऊ एकांचा वर्ग

‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते. आता ही सतरा अंकी संख्या पाहा : १२३४५६७८९८७६५४३२१. तीही दोन्हीकडून सारखीच! ती १११११११११ या संख्येचा, म्हणजे ओळीने मांडलेल्या नऊ एकांचा वर्ग आहे.

असे का व्हावे? कागदावर गुणाकार मांडा. तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहावी लागते. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एक एका, दुसऱ्यात दोन, असे वाढत मधल्या स्तंभात नऊ एके येतात. पुढे ते तसेच कमी होतात. कोठेही हातचा येत नाही. रहस्य एवढेच.

शिवाय १११११११११ ला ९ ने भाग जातो (भागाकार १२३४५६७९, आठ गायब!), म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने भाग जातो. गंमत म्हणजे त्या वर्गाच्या अंकांची बेरीजही ८१ च भरते.

या जातीच्या संख्यांना द. रा. कापरेकरांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले. आमच्या अलिबागच्या उत्तरेस, याच किनाऱ्यावरील डहाणूस ते १९०५ साली जन्मले. पुढे देवळालीस शिक्षक होते. डेम्लो हे डोंबिवली स्टेशनचे जुने नाव.

नऊ एकांपर्यंत जमले, म्हणून दहालाही जमेल? दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. मधल्या स्तंभात दहा एके. शून्य मांडून हातचा एक. तो शेजारच्या नऊला मिळताच तेथेही दहा, पुन्हा हातचा, आणि त्यापुढच्या आठाचे नऊ होतात. उजवी बाजू मात्र शाबूत, कारण हातचा डावीकडेच जातो.

अकरा एकांच्या वर्गात मधले अंक कोणते येतील? साध्या कॅल्क्युलेटरवर ते मावणार नाहीत, कागदच घ्या.