सी मागे जाते, डी तिथंच राहते

बाय, रिस्टोअरचं बटण दाबायला घाबरू नकोस. चवथीच्या माटोळीचे फोटो जाणार नाहीत आणि तुझा प्रोजेक्टही जाणार नाही. फोटो, कागदपत्रं सी ड्राइव्हवर असोत की डीवर, सिस्टिम रिस्टोअर त्यांना हात लावत नाही. ते मागे नेतं विंडोजच्या फायली, रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि प्रोग्राम. प्रिंटरचा नवा ड्रायव्हर घातल्यापासून तुझा संगणक अडखळतोय ना, अशाच वेळी ते कामाला येतं.

पण आधी एक बघून घे. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ असं टाइप कर. जी खिडकी उघडेल तिच्यात ड्राइव्हची यादी दिसेल आणि प्रत्येकापुढे ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’. सीपुढे बहुतेक ऑन असेल आणि डीपुढे ऑफ, कारण व्हिस्टापासून विंडोज आपणहून फक्त सीचीच राखण करतं. काही नव्या संगणकांवर तर सीसुद्धा ऑफ असते, मग मागे जायला पॉइंटच नसतो. सायबरएज योजनेतून गोव्यात अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचले तेव्हा 2001 साली आलेली एक्सपी नवीच होती, आणि तिच्यात सगळ्या ड्राइव्हवर राखण चालू असायची. मागे जायचं तर सगळ्यांनी एकदम. म्हणून जुने जाणकार अजून ‘सगळं मागे जाईल’ असं सांगून घाबरवतात.

आता खरी अडचण ऐक. सीवर जागा नाही म्हणून तू काही प्रोग्राम डीवर घातलेत. रिस्टोअर केल्यावर सीवरची रजिस्ट्री मागच्या तारखेला जाते, डीवरच्या प्रोग्रामच्या फायली मात्र आज आहेत तशाच राहतात. दोघांचा मेळ बसत नाही आणि प्रोग्राम उघडेनासा होतो. तसे प्रोग्राम डीवर ठेवायचेच असतील तर यादीत डी निवडून ‘कॉन्फिगर’ दाब, राखण चालू कर आणि थोडी जागा दे. मला विचारशील तर प्रोग्राम सीवरच बरे. डी आपल्या फायलींना ठेव, मग तिची राखण बंद असली तरी बिघडत नाही.

प्रत्येक ड्राइव्हचं जुनं रूप त्याच ड्राइव्हवरच्या ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या लपवलेल्या फोल्डरात साठतं. अख्ख्या ड्राइव्हची नक्कल होत नाही. डिस्कवरचा एखादा तुकडा बदलायची वेळ आली की त्याचा जुना मजकूर आधी तिथं उतरवून ठेवला जातो. दिलेली जागा भरली की सगळ्यात जुना पॉइंट पुसला जातो, म्हणून सी गच्च भरलेली असली की हवी ती तारीख यादीत मिळत नाही. आणि कुणी दुरुस्तीवाल्यानं ‘व्हायरस काढतो’ म्हणून राखण बंद केली, तर त्या ड्राइव्हचे सगळे पॉइंट त्याच क्षणी जातात. दुकानात देताना हे सांगून ठेव.

तारीख निवडलीस की ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स’ दाब. कोणते प्रोग्राम जातील ते तिथं दिसतं, वहीत उतरवून घे. पावसात आमोण्याची वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असतानाच सुरू कर. रिस्टोअर मधेच तुटलं तर विंडोज चालूच न होण्याची भीती असते. निकाल पटला नाही तर तीच खिडकी उघडून ‘अनडू’ करता येतं, पण सेफ मोडमधून रिस्टोअर केलंस तर ती सोय नसते. म्हणून विंडोज चालू होतंय तोवर सेफ मोडमध्ये जाऊ नकोस.

एक मात्र डोक्यातून काढून टाक, की ‘फायली डीवर आहेत म्हणजे सुरक्षित आहेत’. तुझ्या लॅपटॉपमधली सी आणि डी म्हणजे एकाच घरातल्या दोन खोल्या, डिस्क एकच. ती गेली की दोन्ही जातात. पूल ओलांडून खांडोळ्याच्या कॉलेजात जातेस, तेव्हा प्रोजेक्टची एक प्रत पेनड्राइव्हवर घरीच ठेवून जा. फोटो मोठ्या एक्सटर्नल डिस्कवर घालू, ती मी आणते.

संध्याकाळी त्या यादीचा फोटो काढून पाठव. डीपुढे काय लिहिलंय ते बघून पुढचं सांगते, तोवर काही दाबू नकोस.