शस्त्रक्रियेनंतरची दहा वर्षे

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेविषयी सामान्य वाचकांसाठी जे लिहिले जाते, त्यातील बहुतेक मजकूर पहिल्या वर्षापाशी येऊन थांबतो. त्या वर्षात वजन झपाट्याने उतरते, जुने कपडे ढिले होतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात आणि सारे घर समाधान पावते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. उतरलेले वजन दहा-पंधरा वर्षे उतरलेलेच राहते काय?

याचे विश्वसनीय उत्तर स्वीडनमधून मिळाले. तेथे १९८७ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार व्यक्तींचा आणि साधारण तितक्याच, शस्त्रक्रिया न झालेल्या स्थूल व्यक्तींचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली होती, त्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. दहाव्या वर्षी ही घट २५ टक्के उरली. म्हणजे १२० किलोंची व्यक्ती ८२ किलोंपर्यंत उतरते आणि पुढे ९० च्या आसपास स्थिरावते. आठ किलो परत आले. तीस परत आले नाहीत. शिवाय शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले.

आपल्याकडे मात्र त्या आठ किलोंनाच ‘ऑपरेशन फुकट गेले’ असे म्हणतात. नातेवाईक तोंडावर बोलून दाखवितात, रुग्ण शरमतो आणि डॉक्टरांकडे जाणेच सोडून देतो. वजन वाढण्यापेक्षा ही गैरहजेरी अधिक घातक होय. तिची कारणे पुढे येतीलच.

महाराष्ट्रातील सर्वांच्या परिचयाचे उदाहरण नितीन गडकरी यांचे आहे. त्यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. आपले वजन एके काळी १३५ किलो होते व आता ९३ किलो आहे, असे त्यांनी २०२२ साली उज्जैनचे खासदार अनिल फिरोजिया यांना सांगितल्याचे वृत्तपत्रांत आले होते. अकरा वर्षांनंतरही ४२ किलोंचा फरक टिकावा, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र एका व्यक्तीच्या आकड्यावरून सर्वांचे भाकीत करू नये.

वजन परत का येते? जठर लहान केल्यावर भूक वाढविणारे घ्रेलिन हे संप्रेरक अनेकांत घटते, आणि आतड्यातून तृप्तीचा संदेश देणारी संप्रेरके वाढतात. पहिल्या वर्षी रुग्णाला भूक आठवतही नाही ती त्यामुळे. पण शरीर हलके झाले की त्याला लागणारी ऊर्जाही घटते, आणि भूक हळूहळू परतू लागते. जठराची पिशवीही काहीशी सैलावते. यात रुग्णाचा आळस शोधणे अन्यायाचे आहे.

आहाराचा भाग मात्र रुग्णाच्या हाती असतो. जबलपूरच्या सराफा बाजारात दिवसभर गादीवर बसणारा एखादा व्यापारी डोळ्यांपुढे आणा. जेवणाला तो दोन पोळ्याही खाऊ शकत नाही, आणि तरी वजन का वाढते याचे त्याला नवल वाटते. गिऱ्हाईक आले की चहा येतो. साखर-दुधाच्या प्रत्येक कपात ६०-७० कॅलरी धरल्या, तर आठ कपांत पाचशेच्यावर होतात. लहान पिशवी पोळीला अडविते, चहाला अडवीत नाही. त्या शहराची प्रसिद्ध खोव्याची जिलेबीही अशीच मऊ, पाकाने भिजलेली, सहज उतरणारी. काहींना गोड खाल्ल्यावर घाम सुटतो, छाती धडधडते. तेवढ्यापुरता हा पहारेकरी उपयोगी पडतो. परंतु तो सर्वांच्या ठायी नसतो, आणि असला तरी वर्षे लोटली की पुष्कळदा पेंगू लागतो.

शाकाहारी घरांत दुसरी अडचण येते. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. शिजलेल्या डाळीच्या वाटीत ती पाच-सहा ग्रॅमच असतात. दहा वाट्या डाळ तर धडधाकट माणसालाही जाणार नाही. म्हणून पनीर, दही, सोयाबीन यांनी जेवणाचा आरंभ करावा, भात-पोळी शेवटी घ्यावी आणि पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे. लग्नाच्या पंगतीत हा क्रम पाळणे कठीण, हे मान्य.

मद्याविषयी थोडक्यात सांगता येईल: जठरमार्ग बदलल्यावर ते रक्तात लवकर चढते, आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचा धोका वाढलेला आढळतो.

वजन पुन्हा चढू लागल्यास लवकर दाखविणाऱ्याला मार्ग अधिक असतात. आहारतज्ज्ञाची मदत, सेमाग्लुटाइडसारखी औषधे आणि काही थोड्यांच्या बाबतीत दुसरी शस्त्रक्रिया, असा तो क्रम आहे. आणि ज्याचे वजन अगदी स्थिर आहे, त्यानेही वार्षिक तपासणी चुकवू नये. यकृतातील ब-१२ जीवनसत्त्वाचा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून त्याचा अभाव उशिरा प्रकट होतो: पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसर पडू लागतो, आणि हे वयाचे लक्षण समजून सोडून दिले जाते. लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांचीही तीच गत. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही.