मिश्री, इस्ट्रोजेन आणि सासूबाईंची गाठ

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझ्या सासूबाईंना (वय ६१) नुकतंच स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. रिपोर्टमध्ये ‘ईआर पॉझिटिव्ह’ असं लिहिलं आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. विडी-सिगारेटला मात्र कधी हात लावलेला नाही. निकोटीन आणि इस्ट्रोजेन मिळून स्तनातल्या पेशी वाढवतात, असं संशोधन माझ्या वाचनात आलं. पण तंबाखूमुळे इस्ट्रोजेनचा प्रभाव कमी होतो, असंही पूर्वी वाचलं होतं. दोन्ही खरं कसं असेल? घरात आता सगळे म्हणतात, ‘मिश्रीनंच घात केला.’ सासूबाई ऐकून घेतात आणि गप्प बसतात. खरंच तसं आहे का?
— एक वाचक, ता. बार्शी

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुमच्या घरात रोज बोलला जातोय. मिश्रीमुळे सासूबाईंना स्तनाचा कॅन्सर झाला असं म्हणण्याइतका पुरावा आज कुणाकडेही नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिश्रीसारख्या न ओढता वापरायच्या तंबाखूवर तीन कॅन्सरांचा ठपका ठेवला आहे : तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा. स्तनाचा त्यात नाही. हे घरातल्या सगळ्यांना सांगा, आणि सासूबाई समोर बसलेल्या असताना सांगा. मिश्री मात्र सुटायला हवी, आणि शस्त्रक्रियेआधी सुटली तर फारच बरं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या, ते तुमच्या पहिल्या प्रश्नातूनच उलगडतं.

स्तनाच्या कॅन्सरचं अंडाशयांशी नातं आहे हे इस्ट्रोजेनचा शोध लागण्याआधीच लक्षात आलं होतं. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्ण स्त्रियांचे अंडाशय काढल्यावर गाठी आकसू शकतात, असं ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीट्सन यांनी १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. असं का होतं, हे कळायला आणखी साठेक वर्षं जावी लागली. शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावलेलं इस्ट्रोजेन वापरलं आणि पेशीत त्याला धरून ठेवणारा रिसेप्टर असतो हे दाखवलं. इस्ट्रोजेन पेशीत शिरतं, या रिसेप्टरला चिकटतं, ती जोडी डीएनएवर ठरावीक जागी बसते आणि पेशीला विभागायला लावणारी जनुकं जागी होतात. तुमच्या रिपोर्टमधल्या ‘ईआर पॉझिटिव्ह’चा अर्थ इतकाच, की गाठीतल्या पेशींत हा रिसेप्टर आहे. घाबरलेल्या घराला हेही कळू द्या, की ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे, कारण अशा गाठीवर औषध चालतं. टॅमॉक्सिफेन त्या रिसेप्टरची जागा अडवतं. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल हे इस्ट्रोजेन तयार करणाऱ्या अ‍ॅरोमाटेज नावाच्या विकरालाच रोखतं. पाळी गेल्यानंतर बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत, याच विकराच्या मदतीने बनतं.

आता निकोटीन. त्याला प्रतिसाद देणारे रिसेप्टर मुळात अ‍ॅसिटिलकोलीन या चेतारसायनासाठी असतात, मेंदूत आणि मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे. त्यातला अल्फा-९ नावाचा प्रकार १९९४ मध्ये आना बेलेन एल्गोयेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला, तोही आंतरकर्णातल्या ऐकण्याच्या पेशींत. कानातल्या या रिसेप्टरचा स्तनाशी काही संबंध असेल अशी शंकाही तेव्हा कुणाला आली नसेल. २०१० मध्ये तैपेई मेडिकल युनिव्हर्सिटीतल्या युआन-सून हो यांच्या गटाने स्तनाच्या गाठींचे २७६ नमुने आणि प्रत्येक गाठीशेजारचा निरोगी भाग अशा जोड्या तपासल्या. जवळपास दोन-तृतीयांश जोड्यांमध्ये गाठीतलं अल्फा-९ शेजारच्या भागापेक्षा जास्त निघालं. प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींतलं अल्फा-९ कमी केलं तेव्हा उंदरांमधल्या गाठी मंदावल्या. पुढच्याच वर्षी या गटाने तुमच्या वाचनात आलेला दुवा दाखवला. ईआर असलेल्या पेशींना निकोटीन दिलं किंवा इस्ट्रोजेन दिलं, तरी अल्फा-९चं जनुक जोरात चालू लागतं, आणि त्या वाटेवर इस्ट्रोजेनचा रिसेप्टर सामील असतो. म्हणजे निकोटीन पकडणारी जागा वाढवायला संप्रेरकही हातभार लावतं.

हे काम मला महत्त्वाचं वाटतं, तरी तुम्ही वर्गात ते सांगाल तेव्हा दोन गोष्टी सोबत सांगाव्यात अशी विनंती. पहिली प्रमाणाची. काचेच्या बशीत पेशींना दिलेलं निकोटीन बऱ्याचदा सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट असतं. दुसरी गोष्ट अधिक चक्रावणारी आहे. एल्गोयेन यांच्या मूळ प्रयोगांत निकोटीन अल्फा-९ला चेतवत नव्हतं, उलट अडवत होतं. एकच रेणू कानाच्या पेशीत वाट अडवतो आणि स्तनाच्या पेशीत ती उघडतो हे कसं, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. असल्या विसंगती लपवून शिकवलेलं विज्ञान मुलांना अर्धवट कळतं.

आणि त्या पेशी तरी कुणाच्या? संप्रेरकांवरच्या अशा प्रयोगांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एमसीएफ-७ या पेशी मिशिगनमधल्या एका ननच्या आहेत. १९७० मध्ये स्तनाच्या कॅन्सरने त्या वारल्या. इस्ट्रोजेनबद्दल जगाला जे ठाऊक आहे त्यातलं पुष्कळसं त्या एका बाईच्या पेशींनी शिकवलं आहे.

तंबाखूमुळे इस्ट्रोजेनचा प्रभाव कमी होतो, हेही तुम्ही बरोबरच वाचलंत. १९८६ मध्ये दोन निबंध आले. एकात निकोटीन अ‍ॅरोमाटेजला रोखतं असं वारेच्या पेशींत दिसलं. दुसऱ्यात सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांचं शरीर इस्ट्रोजेनचं वेगळ्या, कमी प्रभावी रूपात रूपांतर करतं असं दिसलं. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी एक-दोन वर्षं आधी जाते आणि त्यांच्यात गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कमी आढळतो, हेही खरं. यावरून कुणी म्हणेल, ‘मग मिश्री म्हणजे घरगुती लेट्रोझोलच की!’ तसं मुळीच नाही. १३ अभ्यासांतल्या पाळी गेलेल्या स्त्रियांच्या रक्ताच्या तपासण्या २०११ मध्ये एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा दिवसाला १५ किंवा त्याहून जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांच्या रक्तात इस्ट्रोजेन कमी नव्हे, जास्त आढळलं. विकर बशीत रोखलं जाणं आणि बाईच्या अंगात संप्रेरक कमी होणं यांत फार अंतर आहे.

या परस्परविरोधी ओढाताणीमुळेच तंबाखू आणि स्तनाचा कॅन्सर यांचा संबंध इतकी वर्षं धूसर राहिला. त्यात दारूची भर. पाश्चात्त्य देशांत सिगारेट ओढणाऱ्या बायका अनेकदा दारूही पितात, आणि दारू स्तनाच्या कॅन्सरचा धोका नक्की वाढवते. २००२ मध्ये ५३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर दारू न पिणाऱ्या स्त्रियांमध्ये सिगारेटचा वेगळा परिणाम दिसलाच नाही. पुढे प्रश्न नेमका विचारला गेला : सवय कोणत्या वयात लागली? ब्रिटनमध्ये एक लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात (२०१७) कधीतरी धूम्रपान केलेल्यांना धोका सुमारे १४ टक्क्यांनी जास्त होता, १७ वर्षांच्या आत सुरुवात केलेल्यांना २४ टक्क्यांनी. कोवळ्या वयात, पहिल्या बाळंतपणाआधी, स्तनाच्या पेशी अजून पक्व झालेल्या नसतात आणि तेव्हाची इजा खोल जाते. ही वाढ खरी आहे, पण फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ती कित्येक पटींची असते, हेही ध्यानात घ्यावं.

तुमच्या बार्शीचाच दाखला देते. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. तिथल्या नोंदींत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईपेक्षा सातत्याने बरंच कमी राहिलं आहे. मिश्रीची सवय तर खेड्यात घरोघरी. मिश्री हेच मुख्य कारण असतं, तर आकडे उलटे दिसायला हवे होते. खरा मोठा वाटा बाईच्या संप्रेरकांच्या इतिहासाचा आहे : पाळी कधी आली, पहिलं मूल कोणत्या वयात झालं, किती मुलं झाली, किती महिने अंगावर पाजलं, पाळी कधी गेली, त्यानंतर वजन किती वाढलं. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १८व्या शतकाच्या सुरुवातीलाच मूलबाळ नसलेल्या नन्समध्ये हा रोग जास्त दिसतो असं नोंदवलं होतं. आजच्या हिशेबाने प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्के आणि अंगावर पाजलेल्या दर १२ महिन्यांमागे ४.३ टक्के कमी होतो. यातल्या कुठल्याच गोष्टीत सासूबाईंची चूक नाही. म्हणून त्यांना दोष देणं अन्यायाचं आहे.

मग मिश्री का सोडायची? कारण कॅन्सर सुरू होणं आणि तो पसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या आणि म्हटलं, की बी सगळीकडे उडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये निकोटीनला या जमिनीच्या बाजूने पाहिलं. निकोटीन दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसात एका विशिष्ट जातीच्या न्यूट्रोफिल (पांढऱ्या रक्तपेशी) जमल्या आणि स्तनातून निसटलेल्या कॅन्सरच्या पेशींना तिथे बस्तान बसवणं सोपं झालं. निकोटीन थांबवल्यावरही हा परिणाम काही काळ टिकला. प्रयोग उंदरांवरचा आहे, पण माणसांतली नोंदही त्याच दिशेची : २० हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या २०१६ मधल्या अमेरिकन अभ्यासात निदानानंतरही धूम्रपान चालू ठेवणाऱ्या जास्त संख्येने स्तनाच्या कॅन्सरने दगावल्या.

मिश्रीत धूर नाही, पण निकोटीन पुरेपूर आहे. हिरड्यांतून ते सावकाश उतरतं आणि रक्तात जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे दिवसभराचा हिशेब सिगारेट ओढणाऱ्याच्या जवळपास जातो. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजली की जळण्यातून तयार होणारी घातक रसायनंही त्यात येतात. मिश्रीच्या अर्कामुळे जिवाणूंच्या जनुकांत बदल होतात, हे मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकातच दाखवलं होतं. तिच्यातल्या एनएनकेसारख्या नायट्रोसामाइनांचा डीएनएला होणारा अपाय तर निर्विवाद आहे. शिवाय निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि शस्त्रक्रियेची जखम भरायला तिथे रक्त पोहोचावं लागतं. एवढं एकच कारण पुढच्या काही आठवड्यांसाठी पुरेसं आहे.

चाळीस वर्षांची सवय धाकाने सुटत नाही. ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दाढ ठणकते’ असं त्या म्हणतील. ते खोटं नाही, शरीराला तसं वळण लागलेलं असतं आणि पहिले काही दिवस त्रास होतोच. त्यांच्या डॉक्टरांना मिश्रीबद्दल मोकळेपणाने सांगा. बऱ्याच बायका ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू समजतच नाहीत. निकोटीनची गोळी किंवा च्युइंगम डॉक्टरांनी सुचवलंच, तर ‘पण निकोटीन तर वाईट’ म्हणून घाबरू नका. त्यात मात्रा थोडी, मुदत ठरलेली आणि भाजलेल्या तंबाखूतलं बाकीचं विष नाही. केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत मदतवाहिनी १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. फोन तुम्ही लावून द्या, बोलू द्या त्यांना.

आणि घरातल्या दुसऱ्या बायकांचं. तुमचं सासूबाईंशी रक्ताचं नातं नाही, पण नणंद असेल तर तिचं आहे, आणि तिने आपली तपासणी सुरू करावी. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुंबईतल्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर २० वर्षं अभ्यास केला. दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकेने नुसत्या हाताने स्तन तपासले, तर ५०च्या पुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्यासाठी मॅमोग्राफीचं यंत्र लागलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या तुमच्या घरातल्या आणि शेजारच्या बायकांना घेऊन जवळच्या आरोग्यकेंद्रात जा आणि ही तपासणी मागून घ्या.