संगणकावरील रेखाटन आणि आपली आज्ञासूची

सुताराच्या दुकानांत घटकाभर उभें राहून पाहिलें, तर एक गोष्ट सहज ध्यानांत येते. रोजच्या कामाची पटाशी, गुण्या व हातोडी त्याच्या उजव्या हाताशीं असतात. वर्षांतून दोनदां लागणारें हत्यार पेटीच्या तळाशीं पडलेलें असतें. ही मांडणी त्यास कोणी शिकविलेली नसते. त्याच्या कामानेंच ती ठरलेली असते. आज ज्या विषयाचा आम्ही विचार करणार आहों, त्याचें बीज ह्या साध्या गोष्टींत आहे.

संगणकाच्या पडद्यावर आकृति काढण्याची विद्या फार जुनी नाहीं. १९६३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत आयव्हन सदरलंड ह्यांनीं आपल्या प्रबंधांत 'स्केचपॅड' नांवाची योजना मांडली. तींत प्रकाशलेखणीनें पडद्यावर रेघा ओढतां येत. पुढें १९८२ च्या डिसेंबरांत ऑटोडेस्क कंपनीचें 'ऑटोकॅड' बाजारांत आलें, आणि हें काम मेजावर मावणाऱ्या लहान संगणकावर होऊं लागलें. ऑटोकॅडमध्यें प्रत्येक काम आज्ञेनें चालतें. रेघेस 'लाइन' व वर्तुळास 'सर्कल' अशा त्या आज्ञा होत. त्या ज्या सूचींत मांडलेल्या असतात, तिला मेनू असें म्हणतात. ही सूची घर बांधणारा, यंत्र घडविणारा व रस्ता आंखणारा अशा सर्वांसाठीं केलेली असते. म्हणूनच ती कोणा एकाच्या हातास पुरती बसत नाहीं. ती आपल्या कामाजोगी करून घेण्याची सोय मात्र कर्त्यांनीं ठेविली आहे.

ऑटोकॅड २००६ ह्या आवृत्तीपूर्वीं मेनू म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल असे. तीन तारकांपुढें विभागाचें नांव, चौकोनी कंसांत पडद्यावर दिसावयाचा शब्द, आणि कंसापुढें करावयाच्या कामाचें सूत्र, अशी तिची रचना होती. २००६ पासून हें काम 'सी-यू-आय' नांवाच्या संपादकांत करावयाचें असतें. साधन बदललें, परंतु सूत्र लिहिण्याची रीत बहुतांशीं तीच राहिली आहे. ह्या सूत्रास मॅक्रो म्हणतात.

मॅक्रोंतील पांच चिन्हें ओळखलीं म्हणजे पुष्कळ काम साधतें. पहिलें, टोपीच्या आकाराचें कॅरेट चिन्ह व त्यापुढें सी हें अक्षर. ह्याचा अर्थ 'चालूं असलेली आज्ञा रद्द कर'. दुसरें, अर्धविराम, तो एंटरची कळ दाबण्याचें काम करतो. तिसरें, उलटी तिरपी रेघ. तिच्यापाशीं मॅक्रो थांबतो व आपण बिंदू दाखवीपर्यंत वाट पाहतो. चौथें, आज्ञेच्या आधींची अधोरेखा. हिच्यामुळें तीच आज्ञा जर्मन किंवा फ्रेंच आवृत्तींतही चालते. पांचवें, आरंभींची तारका. ती असली म्हणजे आपण थांबवीपर्यंत तेंच काम पुनःपुन्हां होत राहतें.

आतां उदाहरण घेऊं. लोखंडी पट्टीवर १२ मिलिमीटर व्यासाचीं पुष्कळ भोकें दाखवावयाचीं आहेत. नेहमींच्या रीतीनें प्रत्येक भोकासाठीं सर्कल म्हणावें, मध्यबिंदू दाखवावा, व्यासासाठीं डी हें अक्षर द्यावें, मग १२ लिहावें. मॅक्रो असा होईल: प्रथम तारका, मग रद्द करण्याचें चिन्ह दोनदां, अधोरेखेसह सर्कल, अर्धविराम, उलटी तिरपी रेघ, अधोरेखेसह डी, अर्धविराम, १२, व शेवटीं अर्धविराम. आतां केवळ मध्यबिंदू दाखवीत जावें, भोकें आपोआप उमटतात.

येथें प्रत्येक चिन्हाचें कारण समजून घ्यावें. रद्द करण्याचें चिन्ह गाळलें आणि आधींची एखादी आज्ञा अपुरी राहिली असली, तर आपलीं अक्षरें तिच्याच गळ्यांत पडतील. तें दोनदां लिहितात, कारण कांहीं आज्ञांच्या पोटांत दुसरी पायरी असते व एका खेपेनें केवळ तीच मिटते. तिरपी रेघ विसरली, तर मध्यबिंदूच्या जागीं डी हें अक्षर जाईल, आणि संगणक तें नाकारील.

सूत्र शिकल्यावर आमच्या हातून जी चूक घडली, तीही सांगितली पाहिजे. आमच्या वर्गांत एकाच संगणकावर दोन तुकड्या आळीपाळीनें काम करीत. नव्या विद्येच्या भरांत आम्हीं मूळ फाइलच उघडली, आपला मॅक्रो घातला, आणि आम्हांस न लागणारी मापें लिहिण्याची सूची काढून टाकली. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या तुकडींतील एका मुलाचा आराखडा द्यावयाचा होता. मापांची सूची शोधण्यांत त्याचा तास गेला, व आराखडा मापांवांचून परत आला. गुरुजींनीं मूळ सूची पूर्ववत् केली. त्यांत आमचें कामही पुसलें गेलें. आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. पण त्याचा गेलेला तास आम्हांस परत देतां आला नाहीं.

ह्यावर उपाय सोपा आहे. मूळ फाइलीस हात लावूं नये. सी-यू-आय संपादकांतील 'ट्रान्स्फर' ह्या भागांत नवी फाइल करून ती स्वतःच्या नांवानें ठेवावी, व 'सी-यू-आय-लोड' ह्या आज्ञेनें जोडून घ्यावी. मग संपादकांत नवी आज्ञा निर्माण करून तिला नांव द्यावें, मॅक्रो लिहावा, आणि ती आज्ञा आपल्या फाइलींतील मेनूवर ओढून ठेवावी. पडद्यावर मेनूची पट्टी दिसत नसेल, तर 'मेनूबार' ह्या चलाची किंमत १ करावी. काम संपल्यावर 'सी-यू-आय-अनलोड' म्हटलें कीं आपली सूची निघून जाते, आणि पुढच्यास यंत्र जसेंच्या तसें मिळतें. नांवही असें द्यावें कीं दुसऱ्यास अर्थ कळावा. 'माझें काम' ह्यापेक्षां 'भोक १२' हें नांव बरें.

आणखी एक विनंती. जी आज्ञा आपण हातानें दहा वेळां चालविली नाहीं, तिचा मॅक्रो करूं नये. ज्यास पायऱ्या ठाऊक नाहींत, त्याचें सूत्र अडलें म्हणजे तोही अडतो. सुतार हत्यार हाताशीं ठेवतो तें त्याचा उपयोग जाणल्यावर. आणि दुकान सामाईक असेल, तर शेजाऱ्याचें हत्यार तो पेटींतून बाहेर टाकीत नाहीं. आपल्या सोयीची मांडणी अवश्य करावी. ती करितांना दुसऱ्याची सोय मोडूं नये, एवढें आमच्या वाचकमित्रांनीं ध्यानांत ठेवावें.